वहाणेचा अंगठा

संसारांत मोठीं संकटें रोज येत नाहींत. परंतु लहानसहान खोळंब्यावांचून एकहि दिवस जात नाहीं. दूध उतूं जातें, किल्ली हरवते, वाळत घातलेल्या पापडांवर अवेळीं पाऊस येतो, ऐन नैवेद्याच्या वेळीं गॅसची टाकी संपते, बाहेर पडतांनाच चष्मा दिसेनासा होतो. अशा प्रसंगीं आपल्या घरांतील वडील माणसें एक वाक्य उच्चारतात, "जें होतें तें बऱ्यासाठींच." माझी आजी तें रोज म्हणे, माझे वडील म्हणत, आणि केंस पांढरे झाल्यापासून मीहि म्हणूं लागलों आहें. ह्या वाक्यानें चिडलेलें घर शांत होतें, सुनेला शब्द लागत नाहीं, सासूचा मान राहतो; हा त्याचा लाभ लहान नव्हे. तथापि गेल्या कार्तिकांत असा एक प्रसंग घडला कीं, हें वाक्य कोणीं, कोणापुढें आणि केव्हां म्हणावें, ह्याचा मला नव्यानें विचार करावा लागला. वाचकांच्या घरींहि हें वाक्य नांदत असेल, म्हणून तो विचार येथें मांडतों.

निवृत्तिवेतन घेणारांस दर वर्षीं नोव्हेंबरांत हयातीचा दाखला द्यावा लागतो, हें पुष्कळांस ठाऊक असेल. २०१४ सालापासून तो अंगठ्याच्या ठशावरून, यंत्राच्या साहाय्यानें, घरबसल्याहि देतां येतो. परंतु चौतीस वर्षें खडूनें झिजलेला माझा अंगठा त्या यंत्रास ओळखूं येत नाहीं. तेव्हां मी जिवंत आहें हें सांगावयास मला स्वतःच जिल्ह्याच्या गांवीं जावें लागतें. त्या दिवशीं सकाळीं सातची गाडी धरावयाची म्हणून साडेसहास घरांतून निघालों. मारुतीच्या देवळापर्यंत आलों, तोंच उजव्या वहाणेचा अंगठा तुटला. पाय फरफटत वडाखालीं बसणाऱ्या कारागिराकडे गेलों. थंडीचे दिवस, तो नुकताच येऊन पेटी उघडीत होता. त्यानें आरी शोधली, दोऱ्यास मेण लावलें, वहाण उलटसुलट करून पाहिली. मी घड्याळाकडे पाहून त्याच्यावर दोनदां खेंकसलों. तो कांहीं बोलला नाहीं. शिवलेली वहाण पायांत घालीत आहें तोंच गाडी समोरून निघून गेली. त्याच्यापुढें पैसे टाकले आणि चरफडत घरीं परतलों.

अकरा वाजतां बातमी आली. समोरून येणारी मालमोटार चुकवितांना ती गाडी घाटांत रस्त्याखालीं कलंडली होती. प्राणहानि झाली नाहीं, पण अकरा माणसें जखमी झालीं; दोघांतिघांचीं हाडें मोडलीं.

त्यानंतर आमच्या घरांत काय झालें असेल ह्याची कल्पना वाचकांस सहज येईल. आम्ही दोघे भाऊ, मुलगे, सुना व नातवंडें मिळून आमचें तेरा माणसांचें घर. कुटुंबानें देवापुढें साखर ठेवली. धाकट्या भावाच्या पत्नीनें माझी दृष्ट काढली. थोरली सून म्हणाली, "मामंजी, ती वहाण आतां टाकूं नका." मींहि ती पुसून ओसरीवरच्या कोनाड्यांत ठेवली, आणि येईल त्यास हकीगत सांगूं लागलों. तीन दिवसांत ती मीं बारा वेळां तरी सांगितली असेल, आणि खरें लिहावयाचें तर प्रत्येक वेळीं ती थोडी अधिक सुरस होत गेली. पहिल्या दिवशीं अंगठा रस्त्यांत तुटला होता. तिसऱ्या दिवशीं तो मारुतीच्या पायरीशीं, घंटा वाजली त्याच क्षणीं तुटूं लागला.

तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं परवचा झाल्यावर माझी नऊ वर्षांची नात जवळ येऊन बसली.

"आजोबा, तुमची वहाण देवानें तोडली ना?"

"होय, बाळ."

"मग गाडींतल्या बाकीच्या माणसांच्या वहाणा त्यानें कां नाहीं तोडल्या?"

माजघरांत हंशा पिकला. "मोठ्यांना असें विचारूं नये," म्हणून तिची आई तिला रागावली. मला मात्र हंसूं आलें नाहीं. वर्गांत इतकीं वर्षें काढल्यावर एक गोष्ट मला पक्की ठाऊक झाली आहे: मुलांच्या ज्या प्रश्नाला मोठीं माणसें हंसतात, त्याचें उत्तर बहुधा मोठ्यांपाशीं नसतें.

प्रश्न नवा नव्हता. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादांत, चौतिसाव्या सूत्रापासून, तोच विचारांत घेतला आहे. ईश्वरानें ही सृष्टि केली असें म्हणावें, तर एकास सुखी व दुसऱ्यास दुःखी केल्यामुळें त्याच्या ठिकाणीं दोन दोष येतात: एक वैषम्य, म्हणजे पक्षपात, आणि दुसरा नैर्घृण्य, म्हणजे निर्दयता. हा पूर्वपक्ष. त्यावर सिद्धांत असा कीं, ईश्वर प्राण्यांच्या धर्माधर्माच्या अपेक्षेनें फळ देतो. शंकराचार्यांनीं भाष्यांत पावसाचा दृष्टांत दिला आहे. पाऊस हा भाताला आणि जवाला सारखाच कारण होतो. पीक निराळें येतें तें ज्याच्या त्याच्या बीजांतील सामर्थ्यामुळें.

हें सर्व मला ठाऊक होतें. नातीस सोप्या शब्दांत सांगावें म्हणून तोंड उघडलें आणि थबकलों. माझ्या तोंडून त्या उत्तराचा अर्थ असा झाला असता कीं, तुझ्या आजोबांचें बीज चांगलें होतें आणि गाडींतल्या अकरा जणांचें वाईट. शास्त्रानें तें उत्तर ईश्वरावरील आरोप दूर करण्यासाठीं दिलें आहे. शेजाऱ्याच्या मोडलेल्या पायाचा निवाडा करण्यासाठीं दिलेलें नाहीं. ज्याला आपलें स्वतःचें कालचें कर्म नीट आठवत नाहीं, त्यानें दुसऱ्याचें पूर्वजन्मींचें कर्म वाचावयास बसूं नये. नातीस मीं एवढेंच म्हटलें, "मला ठाऊक नाहीं, बाळ. विचार करून सांगेन."

त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. चाळीस वर्षांपूर्वींची एक गोष्ट पुन्हां पुन्हां आठवत राहिली. माझ्या धाकट्या बहिणीचा दोन वर्षांचा मुलगा तापानें गेला. मी त्या वेळीं पंचविशींतला, वेदान्ताचे ग्रंथ नुकतेच वाचूं लागलेला. तिच्या सांत्वनासाठीं मीं चार पानांचें पत्र लिहिलें. त्यांत कर्माचा सिद्धांत होता, आत्म्याचें अमरत्व होतें, आणि शेवटीं ईश्वर करतो तें बऱ्यासाठींच, हें वाक्य होतें. वर्षभर तिचें उत्तर आलें नाहीं. मग एक पोस्टकार्ड आलें. "दादा, तुझें पत्र पोंचलें होतें. त्यांत बाळाचें नांव एकदांहि नव्हतें." पुढें आमचें येणें-जाणें पूर्ववत् झालें. राखीपौर्णिमा आणि भाऊबीज कधीं चुकली नाहीं. पण तें पत्र तिनें ठेवलें कीं फाडलें, हें विचारण्याचा धीर मला आजपर्यंत झालेला नाहीं.

दाखल्याचें काम राहिलेंच होतें, म्हणून चौथ्या दिवशीं पुन्हां निघालों. परंतु त्याआधीं रुग्णालयांत गेलों. जखमींपैकीं एक जण आमच्याच गांवच्या खालच्या आळींतला तरुण होता. मळ्यांतली भाजी घेऊन तो बाजारास निघाला होता. त्याच्या उजव्या नडगीचें हाड मोडलें होतें. उशाशीं त्याची आई बसली होती. तीहि त्याच गाडींत होती, आणि तिच्या कपाळावर पट्टी होती. मी खाटेजवळ उभा राहिलों. काय बोलावें? जी हकीगत तीन दिवसांत बारा वेळां सांगितली, ती तेराव्या वेळीं तोंडांतून निघेना.

बोलली ती माउलीच. "मास्तर, देवानंच राखलं बघा आम्हांला."

मीं चकित होऊन विचारलें, "तें कसें?"

ती सांगूं लागली. गाडी कलंडल्याचा आवाज ऐकून खालच्या वाडींतलीं माणसें चढावरून धांवत आलीं. कोणी दोर आणला, कोणी बाज आणली, कोणी घोंगड्यांच्या झोळ्या केल्या आणि एकेकास उचलून रस्त्यावर नेलें. "एक पोरगं तर अनवाणीच पळत आलं. पायांत कांटे मोडले त्याच्या, तरी माझ्या लेकाला पाठीवर घेऊन वर चढलं. त्याचं नांव पण ठावं नाही मला."

मी ऐकत राहिलों. माझी वहाण तुटली म्हणून मी वांचलों. तो मुलगा वहाणा घालण्यापुरताहि थांबला नाहीं, म्हणून दुसऱ्याचा मुलगा वर आला. देव कोठें होता हें दाखविण्यासाठीं मीं तीन दिवस माझ्या वहाणेकडे बोट केलें होतें. त्या माउलीनें त्याच्या पायांकडे केलें.

भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायांत भगवंतांनीं अनन्य भक्तांचा योगक्षेम वाहण्याचें आश्वासन दिलें आहे. १९५६ सालीं स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळानें आपलें बोधवाक्य त्याच श्लोकांतून घेतलें. जें मिळालेलें नाहीं तें मिळणें हा योग, आणि जें मिळालें आहे त्याचें रक्षण हा क्षेम, असा अर्थ आचार्यांनीं केला आहे. वर्गांत हा श्लोक शिकवितांना मी मुलांचें लक्ष तेथील क्रियापदाकडे वेधीत असें. धातु 'वह्' हा आहे. वाहन, प्रवाह हे शब्द त्याचेच. 'वहाण' मात्र त्याचा नव्हे, तो 'उपानह्' ह्या शब्दापासून आला, हेंहि सांगत असें, कारण मुलें तेथें नेमकीं चुकत. भगवंत येथें संकट टाळतों म्हणत नाहींत. भार वाहतों म्हणतात. विमा उतरल्यानें अपघात टळत नाहीं. अपघातानंतर घर चालावें एवढीच त्याची योजना असते. आणि भार वाहावयाचा म्हणजे तो कोणाच्या तरी खांद्यावर यावा लागतो. हें मीं कित्येक वर्षें शिकविलें; त्याचा अर्थ मला त्या खाटेशीं कळला. घाटांत झोळ्यांतून माणसें वाहिलीं जात होतीं, तेव्हां मी घरीं गाडी चुकल्याबद्दल चरफडत होतों. आणि तीं रुग्णालयांत पोंचलीं, तेव्हां मी साखर वाटीत होतों.

आपल्या संतांच्या कथा मग मला निराळ्या दिसूं लागल्या. ताहाराबादच्या महिपतींसारख्या (१७१५-१७९०) चरित्रकारांनीं त्या घरोघर पोंचविल्या आहेत. नामदेवांच्या (१२७०-१३५०) पुढची भाकरी कुत्र्यानें पळविली. किती क्षुल्लक खोळंबा! आपण म्हटलें असतें, भाकरी शिळी असेल, देवानें वांचविलें. नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागें धांवले, त्यास कोरडी भाकरी लागूं नये म्हणून. पैठणास एकनाथ (१५३३-१५९९) गोदावरींत स्नान करून येत असतां एक मनुष्य पुनःपुन्हां त्यांच्या अंगावर थुंकला. नाथ तितक्यांदा पुन्हां स्नान करून आले, आणि इतकीं स्नानें घडविल्याबद्दल त्यांनीं त्याचेच उपकार मानले, असें परंपरा सांगते. दोन्ही कथांत एक गोष्ट समान आहे. "ह्या खोळंब्यानें माझें काय भलें झालें?" एवढ्यावर संत थांबत नाहींत. समोर जो उभा आहे त्याला काय हवें, इकडे त्यांची दृष्टि जाते.

मोठ्या दुःखाची गोष्ट तर आणखी निराळी. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळांत तुकोबांची पहिली पत्नी अन्नावांचून गेली. त्यानंतर त्यांनीं आपल्या वांट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत सोडून दिलीं, अशी कथा आहे. दुष्काळ चांगला होता असें त्यांनीं कोणास सांगितलें नाहीं. स्वतःचें दुःख भोगून दुसऱ्यांचा भार मात्र उतरविला.

त्या तरुणाची जखम चिघळूं नये म्हणून त्याला प्रतिजैविक औषध देत होते. त्या जातीच्या औषधांची कथाहि येथें आठवण्याजोगी आहे. १९२८ सालीं लंडनमध्यें फ्लेमिंग हे सुटीहून परतले, तेव्हां जंतु वाढविण्याच्या त्यांच्या एका बशींत बुरशी पडलेली आढळली. बशी बिघडली म्हणून दुसऱ्यानें ती धुऊन टाकली असती. फ्लेमिंगांनीं निरखून पाहिलें, तों बुरशीच्या भोंवतालचे जंतु नष्ट झाले होते. पेनिसिलिनचा शोध तो हाच. परंतु बशी बिघडली त्या दिवशीं एकहि रोगी बरा झाला नाहीं. पुढें ऑक्सफर्ड येथें फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं अपार कष्ट करून तें औषध शुद्ध केलें. १९४१ मध्यें त्यांनीं तें एका पोलिसास दिलें. त्याला उतार पडूं लागला, पण औषध अपुरें पडलें आणि तो दगावला. ते निराश होऊन थांबले नाहींत, म्हणून पुढें असंख्य लोक वांचले. १९४५ सालीं ह्या तिघांना नोबेल पारितोषिक मिळालें. बिघाड एका दिवसाचा होता. त्याची कृपा व्हावयास माणसांच्या हातांस बारा-तेरा वर्षें खपावें लागलें.

म्हणून आतां मीं स्वतःपुरते कांहीं नियम घालून घेतले आहेत. वाचकांस पटले तर त्यांनीं घ्यावे. "जें होतें तें बऱ्यासाठींच" हें वाक्य स्वतःच्या खोळंब्याविषयीं खुशाल म्हणावें. तें म्हणण्यांत नम्रता आहे आणि घरांत शांति राहते. दुसऱ्याच्या दुःखाविषयीं तें कधींहि म्हणूं नये. दुसरा स्वतः होऊन म्हणाला, जशी ती माउली म्हणाली, तर मान लववून ऐकावें. ज्याच्या घरांतलें माणूस गेलें आहे त्याच्यापुढें सिद्धांत नको. गेलेल्याचें नांव घ्यावें, जवळ बसावें, चूल पेटली आहे कीं नाहीं तें पाहावें. आणि आपण वांचलों असें ज्या दिवशीं वाटेल, त्या दिवशीं साखर वाटण्याआधीं विचारावें, जे वांचले नाहींत ते कोठें आहेत, आणि त्यांच्याकडे कोण गेलें आहे?

दाखल्यावर सही करून संध्याकाळीं परतलों. वाटेंत वडाखालीं थांबलों आणि त्या दिवशींच्या खेंकसण्याबद्दल कारागिराची क्षमा मागितली. "थंडीनं बोटं चालत नव्हती, मास्तर," एवढेंच तो म्हणाला. माझ्या ध्यानांत तेंहि आलें नव्हतें. ह्या गोष्टींत माझी वहाण होती, मी होतों, देव होता. ज्याचीं बोटें गारठलीं होतीं तो मात्र मीं बारा वेळांत एकदांहि सांगितला नव्हता.

घरीं सुनांना सर्व सांगितलें. त्यांनीं आपसांत वांटून घेतलें आणि एक दिवसाआड रुग्णालयांत डबा जाऊं लागला. पुतण्या पंधरा दिवस त्या तरुणाच्या मळ्यांतली भाजी बाजारांत पोंचवीत होता. माघांत तो काठी टेकीत आमच्या ओसरीवर आला आणि मेथीच्या दोन जुड्या ठेवून गेला.

नातीचें उत्तर राहिलें होतें. तें मीं रुग्णालयांतून परतल्यावर त्याच रात्रीं तिला दिलें. "त्यांच्या वहाणा देवानें कां तोडल्या नाहींत, तें मला अजून ठाऊक नाहीं. पण त्यानें त्यांच्याकडे कोणाला पाठविलें, तें कळलें." आणि त्या मुलाची गोष्ट सांगितली.

"अनवाणी?" तिनें विचारलें.

"अनवाणी."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग उठून तिनें कोनाड्यांतली वहाण काढली आणि दाराशीं, तिच्या जोडीच्या वहाणेशेजारीं, नेऊन ठेवली. ती आतां तेथेंच असते, आणि मी रोज घालतों.